त्रिशलाचा नेम

मला न विचारता सुनेनं नेम घेतला, याचा मला आधी राग आला. काळजी नंतर वाटली. उलट व्हायला पाहिजे होतं, पण मी ही अशी आहे.

सकाळी मी घागरीच्या तोंडाला फडकं लावून पाणी गाळत होते. त्रिशला बस्तीतून दर्शन घेऊन आली. बस्ती म्हणजे आमचं जैनांचं देऊळ, आमच्यापासून चार घरं सोडून. तिला तिसरा महिना होता. चेहरा सुजल्यासारखा, चालणं पाय ओढत, आणि वैशाखाच्या उन्हात खांद्यावर शाल. मी फळीवरची तिची गोळ्यांची बाटली उचलली आणि हलवून बघितली.

"पंधरा दिवसांपूर्वी पण एवढीच वाजत होती ही," मी म्हटलं.

"घेत नाही मी, आत्याबाई."

"का? चव आवडेना?"

"नेम घेतलाय. बाळंत होईपर्यंत औषधाचा त्याग."

"कुणापुढं घेतलास?"

"देवापुढं. एकटीच होते."

"मी बटाटा सोडला तेव्हा सासूला विचारलं. चतुर्दशीचं मीठ सोडलं तेव्हा तुझ्या सासऱ्यांना विचारलं. आणि तू औषध सोडतीस ते मला बाटलीनं सांगायचं होय?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता."

"मग?"

"मग मला ऐकावं लागलं असतं," असं म्हणून ती शाल सावरत आत गेली.

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. पण वारणाकाठच्या आमच्या गावात आक्काताई आदगोंडा पाटील म्हटलं की लोक बोलायच्या आधी विचार करायचे. माझा नेम कधी मोडला नाही. एकोणीस वर्षं चतुर्दशीला बिनमिठाचं खाल्लं, तापानं फणफणले होते तेव्हाही. त्रिशला लग्न होऊन आली त्या पहिल्या वर्षी तिनं दिवस मावळल्यावर पेरूची एक फोड तोंडात टाकली, तर चारचौघींत मी तिला असं बोलले की पोरगी दुसऱ्या दिवशी दिवसभर जेवली नाही. आता तिला कुठल्या तोंडानं सांगू, की देवापुढं बोललेला शब्द फिरव म्हणून?

आणि सांगायला तर पाहिजे होतं. कारण त्या गोळ्या साध्या नव्हत्या.

लग्नानंतर तिचं दोन वेळा पोट पडलं होतं. मग सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि गळ्यातली ग्रंथी कमी चालते म्हणून सांगितलं. थायरॉईड. रोज सकाळी अनशापोटी एक गोळी, जन्मभर. आणि गर्भ टिकावा म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन. तशी तिसऱ्या खेपेला चंदना झाली. आता ती चार वर्षांची होती, गोरी, गुटगुटीत, बोलायला माझ्यावर गेलेली. फक्त तिच्या छातीवर डाव्या बाजूला टाक्यांची खूण होती, मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढी. बारा दिवसांची असताना तिथं गळू झालं होतं, ते कापून काढावं लागलं. गल्लीत सगळ्यांना त्याचं कारण पाठ होतं. आईनं पोटुशी असताना एवढी औषधं, एवढी इंजेक्शनं घेतली, ती पोरीच्या अंगावर फुटली.

त्रिशला चंदनाला न्हाऊ घालायची तेव्हा मी बघितलंय. सगळ्या अंगाला खसाखसा साबण लावायची आणि त्या खुणेवरून बोटं न्यायची वेळ आली की तोंड दुसरीकडं करायची.

त्या दिवशी दुपारी मी तिला पुन्हा विचारलं. ती गहू निवडत होती.

"पोटातल्याला काही झालं तर?"

"होऊ नये म्हणूनच की, आत्याबाई. चंदनाच्या वेळेला सगळं घेतलं आणि बघा काय झालं. ह्या वेळेला माझ्या औषधाचा थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही त्याला."

"डॉक्टरीणबाई काय म्हणतील?"

"त्यांचं पोर आहे का ते?"

एवढं उलट ती मला कधी बोलली नव्हती. मी धनपालला सांगितलं. माझा मुलगा दूध संघात गाडीवर होता, पहाटे जायचा, दुपारी यायचा. तो म्हणाला, "तूच घेऊन जा तिला सांगलीला, आई. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, तुझ्यावर तिचा देवाएवढा विश्वास आहे."

मी घेऊन गेले. चंदना मागं राहत नव्हती म्हणून तीही आली. एसटीत त्रिशला खिडकीला डोकं टेकून सगळी वाट झोपली. आधी रक्त द्यायला लावलं, मग दुपारपर्यंत बसवलं. बाकावर बसून आम्ही डब्यातली चपाती खाल्ली. चार वाजता नाव पुकारलं.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि चष्मा काढून ठेवला.

"गोळी कधीपासून बंद आहे?"

त्रिशलानं शाल अंगाभोवती ओढून घेतली. मी म्हटलं, "नेम घेतलाय तिनं."

"कसला नेम?"

"बाळंत होईपर्यंत औषध घ्यायचं नाही, असा."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या खुर्ची ओढून त्रिशलाच्या समोर आल्या.

"बाई, तुमच्या पोटातल्या बाळाला अजून स्वतःची ग्रंथी चालवता येत नाही. ते तुमच्यातूनच घेतंय. तुमच्यात नसेल तर त्याला कुठून मिळणार? त्याच्या मेंदूची बांधणी आत्ता चालू आहे, ह्या महिन्यात. ती अर्धवट राहील, किंवा पहिल्या दोन वेळेसारखं होईल. तुम्हाला दोन्ही चालणार आहे का?"

"पहिलीच्या वेळेला सगळं घेतलं होतं," त्रिशला म्हणाली. तिनं चंदनाला जवळ ओढलं, झग्याची वरची दोन बटणं काढली आणि ती खूण दाखवली. "हे बघा."

डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं. खुणेच्या आजूबाजूला बोट फिरवलं. चंदना खुदकन हसली, तिला गुदगुल्या झाल्या.

"हे कधी झालं? मला कुणी सांगितलं नाही."

"बारा दिवसांची होती," त्रिशला म्हणाली. "मुलांच्या डॉक्टरांकडं नेलं होतं."

"जन्मल्यावर हिच्या छातीला सूज होती? दूध यायचं?"

"व्हय. आणि लंगोटाला रक्ताचा डाग पण आला होता. चार-पाच दिवसांची होती तेव्हा."

"ते सगळ्याच बाळांना होऊ शकतं हो. औषध घेणारीच्याही आणि न घेणारीच्याही. आईच्या रक्तातले हार्मोन नाळेतून बाळात उतरतात. बाळ बाहेर आलं की ते मिळायचे थांबतात, म्हणून छाती सुजते, दूध येतं. मुलींना खालून थोडं रक्तही जातं. दोन-तीन आठवड्यांत आपोआप थांबतं. हात लावायचा नसतो फक्त." त्यांनी झग्याची बटणं लावली. "गळू होतं ते कुणी दाबून दूध काढलं तर. आपल्याकडं बायका दाबतात ना अंघोळीच्या वेळी. कुणी दाबलं होतं का?"

त्रिशलानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. बघायची तिला गरजच वाटली नाही.

"नाही. अंघोळ आत्याबाईच घालायच्या. तेव्हा मुलांच्या डॉक्टरांनी पण हेच विचारलं होतं, आत्याबाईंनी नाही म्हणून सांगितलंय. आमच्या आत्याबाई खोटं बोलत नाहीत, बाई. गावात कुणालाही विचारा."

डॉक्टरीणबाईंनी मग माझ्याकडं बघितलं. त्यांच्या बघण्यात राग नव्हता, वाट बघितल्यासारखं होतं. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चंदनाला म्हटलं, "चप्पल घाल गं."

"बरं," त्या म्हणाल्या. "ही वयात येईल तेव्हा ह्या बाजूची वाढ कमी राहण्याची शक्यता आहे. आधीच सांगून ठेवा तिला, म्हणजे घाबरणार नाही. आणि तुम्ही आठ दिवसांत गोळी सुरू केल्याचं मला कळवा. आठ. नवव्या दिवशी मी जबाबदार नाही."

त्रिशला उठली. दारापाशी म्हणाली, "म्हणजे मोठेपणी पण दिसणार."

परतीच्या गाडीत चंदना माझ्या मांडीवर झोपली आणि त्रिशला पुढच्या बाकावर. मला तिची फक्त मान दिसत होती आणि त्या मानेमागं बसून मला सगळं आठवावंच लागलं. आता तुम्हालाही सांगते.

चंदनाला घेऊन आम्ही दवाखान्यातून निघालो तेव्हा एका नर्सनं मला बाजूला घेतलं. कोवळी पोरगी होती. म्हणाली, "आजी, बाळाच्या छातीला सूज आहे, दूध येईल, लंगोटाला डाग दिसेल. घाबरू नका आणि दाबू नका." मी तिला विचारलं, "तुझं लग्न झालंय का?" ती लाजून नाही म्हणाली. "मग होऊ दे, दोन पोरं होऊ दे, मग मला शिकवायला ये," असं म्हणून मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं.

गल्लीतल्या कितीतरी पोरांना पहिले चाळीस दिवस माझ्या हातानं अंघोळ मिळाली होती. बायका मला बोलवायच्या. आक्काताईंच्या हाताखालून गेलेलं पोर धट्टंकट्टं निघतं म्हणायच्या आणि मी ते ऐकून घ्यायची. प्रत्येक पोराची छाती मी दाबली होती, नाक ओढलं होतं, डोकं गोल केलं होतं. माझ्या सासूनं केलं, मी केलं. कुणाला काही झालं नव्हतं.

पण चंदनाला मी त्या सगळ्यांपेक्षा जोरात दाबलं. का, ते पण सांगते. ती इंजेक्शनं मला पहिल्यापासून पटली नव्हती. देवानं द्यायचं ते सुईनं मागायचं, हे मला नको होतं. पाचव्या दिवशी लंगोटाला रक्त दिसलं. एवढ्याशा पोरीला विटाळ? मला वाटलं, इंजेक्शनातलं काहीतरी भलतं तिच्या अंगात साठलंय आणि ते दुधाच्या वाटेनं बाहेर येतंय. ते सगळं काढून टाकलं पाहिजे. न्हाणीचं दार लावून घ्यायची, पायावर पालथं-उताणं करायची आणि दोन बोटांत धरून पिळायची. पोर काळीनिळी व्हायची रडून.

बाजेवरून त्रिशला विचारायची, "एवढी का रडतीय, आत्याबाई?"

"रडू दे. छाती मोकळी होती रडल्यानं," मी आतून सांगायची.

पाच दिवस. सहाव्या दिवशी डावी बाजू लालबुंद झाली, हात लावू देईना. मग ताप. मग सांगली. मुलांचे डॉक्टर तरुण होते, घाईत होते. "कुणी दाबलं का?" त्यांनी एकदाच विचारलं. मी एकदाच नाही म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पोरीला आत नेलं.

बाहेर बाकावर त्रिशला ओली बाळंतीण, पोटाला पट्टा बांधलेला, छातीचं दूध लुगड्याला लागलेलं. तिनं माझा हात धरला. "मग कशानं झालं हो, आत्याबाई?"

मला त्या वेळेला काही सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं, आणि ते खरं होतं. ते बाजूला सारून मी म्हटलं, "तुझ्या इंजेक्शनांनी. आणखी कशानं?"

पुढं गल्लीत कुणी विचारलं की मीच सांगायची. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला जड जात नाही. चार-पाच महिन्यांनी तर मला वाटायला लागलं की तसंच असेल. न्हाणीत गेले की मात्र वाटायचं नाही.

एसटीतून उतरलो. मी ठरवलं की नेम सोडवायचा, पण माझं झाकलेलं झाकलेलंच ठेवून. दुसऱ्याच दिवशी मी बस्तीत जिनदत्त उपाध्यांकडं गेले. तेच आमच्या बस्तीत पूजा करायचे, वयानं माझ्या धनपालपेक्षा थोडे मोठे. सगळं ऐकून म्हणाले, "ज्यानं जीव धोक्यात येतो तो नेम नव्हे, आक्का. मी समजावतो तिला."

ते घरी आले, बाहेरच्या सोप्यात बसले. त्रिशला डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहिली. उपाध्यांनी छान सांगितलं, अहिंसा सांगितली, पोटातल्या जिवाचा विचार सांगितला.

ती म्हणाली, "पोटातल्या जिवाला काही होऊ नये म्हणूनच घेतलाय, गुरुजी. माझ्या औषधानं एकीला कापलंय आधी."

उपाध्ये उठले. मी त्यांना पायरीपर्यंत पोचवायला गेले तेव्हा म्हणाले, "नेम मी सोडवू शकतो, आक्का. ह्या पोरीच्या मनात औषधाची भीती आहे, ती मी घातलेली नाही. ज्यानं घातली त्यानं काढली पाहिजे."

"डॉक्टरांनी घातली असेल," मी म्हटलं.

ते चपला घालून गेले.

तीन दिवस असेच गेले. त्रिशलाचे केस विंचरताना पुंजका निघत होता. बोलायला लागली की शब्द शोधायची. भाकरी थापता थापता तिचा डोळा लागला आणि तव्यावर धूर झाला, तेव्हा मी तिला काहीतरी लागट बोलले, आणि बोलून झाल्यावर माझं मलाच ऐकू आलं.

पाचव्या दिवशी मी बाटलीतली एक गोळी काढली. अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चुरली. एवढीशी गोळी, पिठासारखी झाली. ती बस्तीतून आल्यावर उपाशीपोटी फुलपात्रभर पाणी प्यायची. ते पाणी रोज मीच भरून ठेवायची, चार पदरी फडक्यानं गाळलेलं, एक किडा-मुंगी मरू नये म्हणून. त्यात मी ती भुकटी टाकली आणि बोटानं ढवळलं.

ती प्याली. सहाव्या दिवशीही प्याली. मला सुटल्यासारखं झालं. अशीच सहा महिने पाजायची, बाळ धडधाकट होणार, तिचा नेम तिच्या लेखी शाबूत, आणि माझं नाव माझ्या लेखी. कुणाचंच काही जात नव्हतं. मी स्वतःवर खूश झाले, खोटं कशाला सांगू.

सातव्या दिवशी ती बस्तीतून आली तेव्हा चंदना स्वयंपाकघरात पाटावर बसून दूध-पोहे खात होती. मी फुलपात्र पुढं केलं. त्रिशलानं ते हातात घेतलं, पण प्याली नाही.

"आत्याबाई, एक सांगायचं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, चंदनाला आधीच सांगून ठेवा म्हणून."

"अजून दहा वर्षं आहेत त्याला."

"असू देत. पण तेव्हा तुम्ही सांगू नका. धनपालनी पण नको. मीच सांगणार. माझ्या हातून झालंय तर माझ्याच तोंडून कळू दे तिला. आईनं केलं, असं मीच सांगणार. बाहेरून कळलं तर जास्त लागेल."

चंदनानं चमचा खाली ठेवला. "आई, तू काय केलंस?"

"मोठी झालीस की सांगते हं," त्रिशला म्हणाली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि फुलपात्र तोंडाला लावलं.

मी म्हटलं, "ठेव ते खाली."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्या सकाळचं सांगून झालं की मला बोलायला काही उरणार नाही.

कार्तिकात तिला दुसरी मुलगीच झाली. हुशार निघाली, आता इंजिनियर आहे. तिला न्हाऊ घालायला त्रिशलानं शिरोळहून आपल्या आईला आणलं. न्हाणीचं दार लागायचं आणि मी सोप्यात बसून आतलं पाणी ऐकायची. त्या सकाळपासून सहा महिने त्रिशला माझ्याशी कामापुरतंही बोलत नव्हती, ताट पुढं सरकवायची आणि जायची. बाळ एकवीस दिवसांचं झालं त्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "हिलाही सूज होती. दूधही आलं. कुणी हात लावला नाही. सूज आपोआप गेली," एवढं म्हणाली आणि आत गेली. तेवढं बोलली याचंच मला केवढं वाटलं.

चंदना तेरा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. तिला मी सांगितलं, तिच्या आईनं नाही. ती बराच वेळ माझ्या हातांकडं बघत राहिली, मग म्हणाली, "आज्जी, तू जरा बाहेर जा." गेल्या महिन्यात ती बाळंत झाली, तिलाही मुलगी आहे. एकाच बाजूनं पाजते. शेजारणी विचारतात, तेव्हा कसलाही आडपडदा न ठेवता सांगते, माझ्या आज्जीनं लहानपणी दाबलं म्हणून दुसरीकडं दूध नाही. मी समोर बसलेली असले तरी सांगते. आवाज चढवत नाही, उतरवतही नाही. मी ऐकते. ऐकायलाच पाहिजे.

तर त्या सकाळी त्रिशलानं फुलपात्र खाली ठेवलं.

"काय झालं, आत्याबाई?"

"त्यात गोळी आहे. काल होती, परवा पण होती. तुझा नेम मी मोडलाय, तुला न सांगता."

ती पोटावर हात ठेवून भिंतीला टेकली. "का केलंत असं? चंदनासारखं ह्याला पण..."

"चंदनाला गोळीनं काही झालं नाही. इंजेक्शनानं पण नाही. दवाखान्यातून निघताना नर्सनं मला बजावलं होतं, दाबू नका म्हणून. मी दाबलं. न्हाणीचं दार लावून पाच दिवस पिळलं पोरीला. तू बाजेवरून विचारत होतीस का रडतीय म्हणून, तेव्हा माझी बोटं तिथंच होती."

"तुम्ही डॉक्टरांना नाही म्हणाला होता."

"खोटं बोलले."

"बाकावर मी तुम्हाला विचारलं होतं. तुमचा हात धरून."

"तेव्हा पण खोटं बोलले. चार वर्षं बोलतीय."

चंदना एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. त्रिशला भिंतीवरून घसरत खाली बसली. तिचे डोळे माझ्यावरून हलेनात. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्याकडं असं बघत होती. मी फळीवरची बाटली काढली, तिच्या पुढ्यात जमिनीवर ठेवली आणि तिच्यासमोर खाली बसले. सून आल्यापासून मी तिच्यासमोर कधी जमिनीवर बसले नव्हते.

"ऐक त्रिशला," मी म्हटलं. "तू औषध घेतलंस ते बरोबर केलंस, इंजेक्शनं घेतलीस ती बरोबर केलीस, ह्या पोरीला तू काडीचाही त्रास दिलेला नाहीस. तुझं चुकलं ते एकच. तू माझा शब्द खरा धरलास."